चित्रफितीतील चेहरा आणि विद्यार्थ्याचा हक्क

(कामशेत येथे महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण, वाचकांसाठी लेखरूपाने)



आज जो विषय मी आपणापुढे मांडणार आहे, तो कित्येकांना अगदी किरकोळ वाटेल. जमिनीचा प्रश्न, राखीव जागा, शिष्यवृत्ती, अत्याचाराचे खटले हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या मानाने एखाद्या विद्यार्थ्याने मोबाईलवर दोन मिनिटांची चित्रफीत तयार करून शिक्षकाकडे पाठविणे ही काय मोठी बाब, असे कोणी विचारील. परंतु किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींच्या आडोशानेच मोठा अन्याय बिनबोभाट चालत असतो, हा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे. ओंजळभर पाणी ही देखील किरकोळच गोष्ट होती. तिच्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. म्हणून विषय लहान की मोठा, हे त्याच्या आकारावरून न ठरविता त्यात माणसाची प्रतिष्ठा गुंतलेली आहे की नाही, यावरून ठरविले पाहिजे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि सारे शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर आले. गणित किंवा इतिहास शिकविणाऱ्याला फळा नसला तरी एकवेळ चालते. भाषा शिकविणाऱ्याचे तसे नाही. विद्यार्थी बोलल्याखेरीज त्याला भाषा आली की नाही, हे कळत नाही. म्हणून इंग्रजी, जर्मन, जपानी, एवढेच काय पण पाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही सांगण्यात येऊ लागले की, दोन-तीन मिनिटे बोलून त्याची चित्रफीत करा आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर किंवा यूट्यूबवर टाका. साथ सरली, वर्ग पुन्हा भरू लागले. पण ही रीत अनेक ठिकाणी मागे राहिली, आणि कित्येक ठिकाणी अशा चित्रफितींना अंतर्गत गुणही असतात. या रीतीसंबंधी आपल्या मावळातील आणि पुण्यात शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांशी माझे बोलणे झाले, त्यांच्या अनुभवांवरून मी हा विचार मांडीत आहे.

प्रथम न्यायाने बोलू. ही रीत मुळातच वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलाच्या घरात तीन पिढ्यांत कोणी इंग्रजी बोललेले नाही, त्याला भर वर्गात उभे राहून इंग्रजीत दोन वाक्ये बोलणे म्हणजे कोण संकट! चाळीस जोडी डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. तो अडखळला की मागच्या बाकावरून खसखस पिकते. तोच मुलगा चित्रफीत करावयास बसतो तेव्हा त्याला हसणारे कोणी नसते. एकदा चुकले, पुसून टाकले, पुन्हा बोलला, दहाव्या वेळी त्याचे त्यालाच समाधान वाटले की मग पाठविले. एका विद्यार्थिनीने मला सांगितले की, आपला आवाज आपणच ऐकण्याची वेळ तिच्यावर आयुष्यात प्रथमच आली, आणि वर्गातील चांगल्या घरची मुलेही कशी चाचरतात हे त्यांच्या चित्रफिती पाहून कळल्यावर तिची निम्मी भीती गेली. हा लाभ लहान नाही. ज्यांना बोलूच दिले गेले नाही त्यांना बोलण्याचा सराव करण्यास एकांत मिळणे, ही मोठीच गोष्ट आहे.

परंतु हा एकांत सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, येथून प्रश्नाला सुरुवात होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंचाहत्तराव्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागातील शंभर घरांपैकी सुमारे पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक तर शंभरात चार-पाच घरांतच होता. त्यानंतर मोबाईल पुष्कळ पसरला हे खरे. पण घरातला एकुलता एक मोबाईल बापाबरोबर कामावर जात असेल, तर तो लेकीच्या हाती रात्री येतो. आपल्या नाणे मावळात आणि पवन मावळात डोंगरांच्या घळींत वसलेल्या वाड्या आहेत. तेथे फोनला रेंज मिळावी म्हणून मुले टेकाड चढतात. दोन-तीन मिनिटांची स्पष्ट चित्रफीत सहज शंभर-दोनशे एमबी भरते. ती चढविताना दिवसाचा डेटा संपतो. तेवढ्याच वेळाची नुसती ध्वनिफीत एक-दोन एमबीत मावते. बोलणेच तपासावयाचे असेल, तर या दुसऱ्या मार्गाला हरकत का असावी? हा साधा प्रश्न विचारण्याचे धाडस विद्यार्थ्याला होत नाही, कारण गुण शिक्षकाच्या हाती असतात.

आता मी मुख्य मुद्द्याकडे वळतो. भाषेच्या वर्गातील पहिली चित्रफीत बहुधा कोणत्या विषयावर असते? आपला परिचय करून द्या. माझे नाव अमुक, आडनाव अमुक, माझे मूळ गाव अमुक, माझे वडील अमुक काम करतात, आमच्या घरी अमुक सण साजरे होतात. इंग्लंडात किंवा जर्मनीत हे पाच प्रश्न निरुपद्रवी असतील. आपल्या देशात ते निरुपद्रवी नाहीत. आडनाव, गाव, बापाचा धंदा आणि घरचा देव या चार गोष्टी विचारल्या की जात विचारण्याचे कारणच उरत नाही. बसस्टँडवर अनोळखी माणूस आडमार्गाने जे विचारतो, तेच येथे व्याकरणाच्या नावाने विचारले जाते. फरक इतकाच की, बसस्टँडवर उत्तर टाळता येते, येथे टाळले तर गुण जातात. आणि शिक्षकाच्या मनात तसा हेतू नसेल तरी परिणाम चुकत नाही.

शब्दांतून जे सांगितले जात नाही ते चित्र सांगते. विद्यार्थी कॅमेऱ्यासमोर बसतो तेव्हा त्याच्या मागची भिंत बोलते. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, वर पत्रे आहेत, कोपऱ्यात चूल आहे, आई मध्येच डोकावते. ‘तसबीर काढून चित्रफीत करू की असू दे?’ हा प्रश्न मनात आलेला एक तरुण मला भेटला. त्याने तसबीर काढली नाही. त्याचे मी कौतुक केले. पण वाचकहो, हा प्रश्न त्याच्या मनात यावाच का? त्याच्या शेजारच्या बाकावरील मुलाला घरातला गणपती कॅमेऱ्यातून दूर सारावा की काय, असा विचार कधी करावा लागला असेल काय? ज्या प्रश्नाचा भार एकाच विद्यार्थ्यावर पडतो, तो प्रश्न शिक्षणाचा राहत नाही. तो विषमतेचा होतो.

विद्यार्थिनींची अडचण आणखी वेगळी आहे. मुलीची चित्रफीत एकदा वर्गाच्या गटावर गेली की ती कोणाच्या हाती पडेल, कोण तिच्या चेहऱ्याचे स्टिकर करून फिरवील, याचा नेम नसतो. असे झालेल्या एका मुलीने पुढे बोलण्याच्या परीक्षेला बसणेच सोडले. घरच्यांना कळले तर शिक्षणच बंद होईल, या भीतीने तिने तक्रारही केली नाही. भाषा शिकविण्यासाठी योजिलेल्या साधनाने एका मुलीला मुकी केले!

अशी भीती निराधार नाही, हे दाखविणारी एक घटना सर्व देशाने पाहिली आहे. एप्रिल २०२१ मध्ये खरगपूरच्या आय.आय.टी.मध्ये अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम चालू होता. त्यातील ऑनलाईन वर्ग इंग्रजीचाच होता. त्या वर्गात अध्यापिकेने विद्यार्थ्यांना केलेल्या अर्वाच्य शिवीगाळीची चित्रफीत बाहेर आली, देशभर संताप उसळला आणि संस्थेला त्या अध्यापिकेला निलंबित करावे लागले. या घटनेपासून दोन धडे घ्यावयाचे आहेत. पहिला असा की, भाषेचा वर्ग हे अपमानाचे ठिकाण होऊ शकते. दुसरा असा की, जी चित्रफीत दुर्बलाला उघडे पाडते तीच बलवानालाही उघडे पाडू शकते. ते मुद्रण नसते तर त्या विद्यार्थ्यांच्या शब्दावर किती जणांनी विश्वास ठेवला असता? तेव्हा शत्रू चित्रफीत नव्हे. ती कोणाच्या हुकमाने तयार होते आणि कोणाच्या ताब्यात राहते, हा खरा प्रश्न आहे.

हे केवळ आपल्याच देशात घडते असेही नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात साथीच्या काळात जीवशास्त्राच्या एका वर्गातील विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद का ठेवता, असे विचारण्यात आले. ती पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या दिसण्याची काळजी हे कारण सर्वांत अधिक, म्हणजे ४१ टक्के विद्यार्थ्यांनी दिले. मागे दिसणारी माणसे आणि घराची जागा यांचा संकोच तेथील अल्पसंख्य वर्गांतील विद्यार्थ्यांत अधिक आढळला. पुढे २०२२ मध्ये ओहायो राज्यातील एका फेडरल न्यायालयाने असा निर्णय दिला की, परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याला त्याची खोली कॅमेऱ्याने फिरवून दाखविण्यास लावणे, ही सरकारी विद्यापीठाने त्याच्या घराची घेतलेली गैरवाजवी झडती होय. झडती हा शब्द ध्यानात ठेवा. माझे सारे म्हणणे त्या एका शब्दात आहे.

आता कोणी आपल्यातलाच वडीलधारा माणूस मला विचारील, ‘वकीलसाहेब, मग आमच्या मुलांनी काय तोंड लपवून बसावे? आडनावे बदलून, खोली चोरून राहण्याचे दिवस पुन्हा आणावे?’ हा आक्षेप मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी भर मैदानात, दिवसाढवळ्या जाहीर केले की, आजपासून आम्ही बौद्ध आहोत. कोणी लपले नाही. पण त्यांना उभे राहण्यास कोणी भाग पाडले नव्हते. ते आपल्या पायांनी आले, आपल्या मुखाने बोलले. ती घोषणा होती, झडती नव्हती. माणूस स्वतः होऊन ‘मी अमुक’ असे सांगतो तेव्हा त्याची मान ताठ होते. तेच त्याच्याकडून वदवून घेतले जाते तेव्हा त्याची मान खाली जाते. शब्द तेच असतात, पण एकात स्वातंत्र्य आहे आणि दुसऱ्यात दास्य. आपल्या मुलांनी तसबिरीखाली बसून अभिमानाने बोलावे, अशीच माझी इच्छा आहे. मात्र तो त्यांचा निर्णय असावा, परीक्षेची अट असू नये.

दुसरा मुद्दा उच्चारांचा. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणणाऱ्या मुलाची चित्रफीत गटावर आली की खाली हसण्याची चिन्हे उमटतात. इंग्रजीतही तेच होते. अशुद्ध बोलण्याचा हा आरोप अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात अशी कथा आहे की, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या आणि उत्तम वाणी असलेल्या दोन भिक्षूंनी भगवंतांकडे तक्रार केली. नाना कुळांतून आणि नाना जातींतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात; ते आपण छांदस भाषेत बसवावे, असे त्यांचे म्हणणे होते. भगवंतांनी त्यांचीच कानउघाडणी केली आणि प्रत्येकाने आपल्या बोलीत धम्म शिकावा अशी अनुज्ञा दिली. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तातही एकाच भांड्याला निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळी नावे आहेत, म्हणून आपलेच नाव खरे असा हट्ट धरू नये, असा उपदेश आहे. ज्याने माणसांच्या श्रेणी मानल्या नाहीत, त्याने बोलींच्याही श्रेणी मानल्या नाहीत.

याची साक्ष पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. येथून पुढच्या मळवली स्टेशनवर उतरले की कार्ल्याची लेणी आहेत. कामशेतहून पवन मावळाच्या वाटेवर बेडसे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, तेथील द्वार घडविले, असे तो सांगतो. लेख प्राकृतात आहे, त्या काळच्या लोकांच्या भाषेत. त्या सुताराने आपले नाव, गाव, बाप आणि धंदा, सारे काही दगडावर ठेवले आहे. आजच्या वर्गात जो परिचय मुलाला ओझे वाटतो, तोच परिचय त्या सुताराला भूषण वाटला. असे का? कारण त्याच्या नावामागे त्याची कृती उभी होती, आणि ज्या संघाच्या दाराशी ते नाव कोरले गेले तेथे सुताराच्या नावाला कोणी हसणार नव्हते. परिचय देण्यास हरकत नाही. परिचय घेणारे मन आधी समतेचे असावे लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. भाषेला मिळालेला मान ती भाषा बोलणाऱ्याला मिळेल, तेव्हाच तो खरा.

बाबासाहेबांचे उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याने हृदयात ठेवावे. शाळेत त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले आणि पालीचा अभ्यास करून पाली शब्दकोशही रचला. त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात तो छापलेला आहे. त्यांना भाषेच्या वर्गाचे दार बंद होते. आज दार उघडे आहे, पण उंबरठ्यावर मुलाला आपले घर उलगडून दाखविण्यास सांगितले जाते. दार उघडे ठेवून उंबरठा उंच करणे, हा बहिष्काराचाच नवा प्रकार होय.

वकील या नात्याने कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने ठरविले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या अर्जावर इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे साधन मिळण्याचा हक्कही आपला, आणि त्या साधनासमोर आपला पडदा राखण्याचा हक्कही आपला. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याप्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, समजून-उमजून दिलेली आणि बिनशर्त असली पाहिजे, आणि ती परत घेता आली पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात येतील असे ठरले. पण तत्त्वासाठी थांबण्याचे कारण नाही. गुण कापण्याच्या भीतीने दिलेली संमती मुक्त कशी म्हणावी?

अपमानासंबंधीही सांगतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला. म्हणून धर्मांतरामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण सुटते, अशी दिशाभूल कोणी केल्यास मानू नका. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने यूट्यूबवरील एका चित्रफितीच्या प्रकरणात असे मत दिले की, इंटरनेटवर सर्वांना पाहता येईल अशा रीतीने केलेला जातिवाचक अपमानही या कायद्याखाली येऊ शकतो; पीडित व्यक्ती त्या जागी देहाने हजर असलीच पाहिजे असे नाही. असा प्रसंग आलाच तर रागाच्या भरात ती चित्रफीत दहा जणांना पाठवू नका. त्यायोगे अपमानच पसरतो. मूळ फीत, तारीख, वेळ आणि दुवा जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून फोन विकण्यापूर्वी किंवा त्यातील मजकूर पुसण्यापूर्वी वकिलाला भेटा.

मग मागावयाचे काय? पहिली मागणी अशी की, ज्याला चेहरा दाखवावयाचा नसेल त्याला ध्वनिफीत देण्याची किंवा शिक्षकासमोर बोलण्याची मुभा असावी, आणि त्यासाठी एकही गुण कापला जाऊ नये. ओठ-दातांची हालचाल पाहणे खरोखरच आवश्यक असेल, तर ती शिक्षकाने एकट्याने पाहावी. दुसरी, चित्रफीत कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि केव्हा पुसणार, हे आधी लेखी सांगावे. यूट्यूबवर उघडी टाकण्याची सक्ती कोणावरही नसावी. तिसरी, विषय घरादाराचा नसावा. कामशेत स्टेशनवरून बेडशाला कसे जावे, भात लावणी कशी करतात, लोकल चुकली तर काय कराल, हे इंग्रजीत सांगावयास लावा. भाषा तेवढीच कळेल आणि जात विचारली जाणार नाही. चौथी, चुका खाजगीत सांगाव्यात आणि गटावर टवाळी करणाराला शासन व्हावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेच्या संवर्धनासाठी केलेल्या नियमांत समान संधी कक्षाची तरतूद झाली; तुमच्या महाविद्यालयात तो कोठे आहे याची चौकशी करा आणि तेथे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एकट्याने नव्हे, पाच-दहा जणांनी मिळून द्या. ब्राह्मण असो, मराठा असो, मुसलमान असो, ज्या गरीब मुलाला ही अडचण आहे त्याची सही आपल्या अर्जावर असू द्या; हक्क मागणारा संकुचित असू नये.

एक कर्तव्य मात्र आपले आपणच केले पाहिजे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना झाली. येथून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावरची ती जागा. विहार हे केवळ वंदनेचे स्थान नव्हे. ते विद्येचे स्थान व्हावे. प्रत्येक विहारात एक शांत कोपरा, एक टेबल, एक चांगला दिवा, इंटरनेटची जोडणी आणि एक जुना का होईना संगणक असावा. जयंतीच्या वर्गणीतील काही भाग त्यासाठी काढून ठेवला तर लाउडस्पीकर थोडा हळू वाजेल, पण आपली एखादी मुलगी मोठ्याने इंग्रजी बोलू लागेल. दर रविवारी तेथे जमून एकमेकांची भाषणे एकमेकांनी ऐकावी, सुधारावी. जेथे कोणी हसत नाही तेथे जीभ लवकर सुटते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, इंग्रजी शिका, पाली शिका, जपानी शिका. कॅमेऱ्यासमोर बसण्यास भिऊ नका. त्या साधनाचा सराव तुम्हाला नोकरीत, न्यायालयात आणि सभेत उपयोगी पडणार आहे. परंतु आपला चेहरा, आपला आवाज आणि आपले घर ही कोणाच्या वहीतील गुणांच्या बदल्यात देण्याची वस्तू नव्हे. द्याल ते स्वेच्छेने द्या, समजून द्या, आणि नकार द्यावयाचा असेल तेव्हा तो लेखी, सभ्य आणि स्पष्ट शब्दांत द्या. असा नकार ज्या दिवशी तुम्ही स्वतः लिहाल, त्या दिवशी तुम्हाला भाषा आली असे मी समजेन.

जय भीम.